पुनर्विकासात छोटं नाट्यगृह परत मागावं की अभ्यासिका?

तिसरी_घंटा

पुण्यात आमच्या पेठेतल्या बोळात, तळमजल्यावर एक छोटं नाट्यगृह आहे. १५० खुर्च्या, वीसेक फुटांचा रंगमंच, रंगपट म्हणजे एक खोली आणि एक आरसा. इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. रविवारच्या बैठकीत ठराव येतोय की नव्या इमारतीत नाट्यगृह नको, त्या जागी अभ्यासिका आणि चार गाड्यांचं जादा पार्किंग करावं. मी ठरावाच्या विरोधात आहे. कारणं लिहिते, उलट मतंही सांगा. बैठकीआधी कानावर पडलेली बरी.

नाट्यगृह वाचवा म्हटलं की आपण लगेच छबिलदासचं नाव घेतो. मुंबईत दादरच्या त्या शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं केली आणि बघता बघता ती चळवळ झाली, हे खरंच आहे. पण आमच्या हॉलमधून उद्या एकही मोठा नट निघाला नाही, तरी मला तो हवा आहे.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेला नाटकातल्या जुन्या घराच्या प्रवेशासाठी पितळी घंगाळ हवं होतं. समोरच्या वाड्यातल्या आजींनी माळ्यावरून काढून दिलं, तेही चिंच लावून घासून. पंचवीस वर्षं समोर राहून त्या कधी आत आल्या नव्हत्या. मुलांनी आग्रहानं पहिल्या रांगेत बसवलं. पडदा उघडल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "घंगाळाचा एक कान वाकलाय. बघ, पोरांनी तो भिंतीकडे केलाय." दीडशे खुर्च्यांचा हॉल, म्हणून तो कान दिसला. तेव्हापासून आजी महिन्यातून एकदा तरी येतात, आणि नाटक आवडलं नाही तर दिग्दर्शकाला थांबवून का ते सांगतात.

शेजारची_खिडकी

आजींचा प्रसंग वाचून बरं वाटलं. आता माझं ऐका. हॉलच्या मागच्या दारावर माझ्या घराची खिडकी आहे. आत वडील झोपतात, त्यांना अर्धांगवायू आहे. प्रयोग साडेनऊ-पावणेदहाला संपतो. मग टेम्पो येतो, लोखंडी पाइप एकावर एक पडतात, लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, फरशीवरून ओढत नेतात. कधी अकरा वाजतात, कधी साडेअकरा. वडील दचकून जागे होतात आणि मग पहाटेपर्यंत झोपत नाहीत.

तक्रार केली तर नियम दाखवतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि बंद सभागृहांना सूट आहे. पण मला आतल्या आवाजाचा त्रासच नाही. त्रास बाहेरच्या टेम्पोचा आहे, आणि त्याबद्दल विचारलं की 'ती संस्थांची जबाबदारी' म्हणून हात झटकतात. दोन वर्षं हेच चाललंय. अभ्यासिकेत निदान कोणी पाइप टाकणार नाही.

हिशोबनीस

भावना बाजूला ठेवून आकडे बघू. १५० खुर्च्या, तिकीट २०० रुपये. हाऊसफुल्ल झालं तर ३०,००० येतात. मी तिथे पाहिलेल्या प्रयोगांना साठेक माणसं असायची, म्हणजे १२,०००. त्यातून संस्थेनं नेपथ्य, प्रकाश आणि नटांच्या चहापाण्याचं बघायचं, मग हॉलचं भाडं द्यायचं. भाडं वाढवलं तर संस्था येणार नाहीत, नाही वाढवलं तर विश्वस्तांनी विजेचं बिल कशातून भरायचं? तेवढ्याच जागेत ७० टेबलं बसतात. महिना १,२०० धरले तरी ८४,०००, आणि तेही बारा महिने.

दुसरं, प्रेक्षक येतात कुठून? कोथरूड, सिंहगड रोड. पेठेतले किती? मग वस्तीला उपयोग आहे असं कसं म्हणायचं? आणि छबिलदासचं म्हणाल, तर 'आविष्कार' पुढे माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि तिथेही नाटकं करत राहिली. काम करणारी माणसं असली की जागा मिळते. इमारतीत जीव अडकवू नये.

टेबल_क्रमांक_४१

मी एमपीएससीचा विद्यार्थी. एका खोलीत चौघं राहतो, त्यामुळे अभ्यासिकेशिवाय भागत नाही. तरी या ठरावाबद्दल एक बोलतो. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत दर दोन इमारती सोडून अभ्यासिका आहे. अडचण टेबलाची नाही, पैशांची आहे. महिना १,२०० चं टेबल मला आजही मिळतंय. तोच दर लावणार असाल तर ती अभ्यासिका विद्यार्थ्यांसाठी आहे असं बैठकीत सांगू नका. ३०० रुपयांत देणार असाल तर मी स्वतः येऊन तुमच्या बाजूनं बोलेन.

विंगेतून

वीस वर्षं प्रकाशयोजना करतोय. हिशोबनीस म्हणतात तशी जागा मिळते, पण कसली? बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभं आहे, हजाराच्या आसपास आसनं आहेत. तिथे ७० प्रेक्षकांचा प्रयोग लावून बघा. नटाला शेवटच्या रांगेसाठी आवाज आणि हात दोन्ही मोठे करावे लागतात, आणि समोर रिकाम्या खुर्च्या. लहान हॉलमध्ये माइक लागत नाही. नटानं श्वास रोखलेला कळतो. मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरला जेमतेम २०० आसनं आहेत, १९७८ पासून चालू आहे. आपल्या शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे. अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्याच.

शेजारची_खिडकी यांचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे, कारण त्या पाइपांच्या टेम्पोबरोबर मीही असतो. टेम्पो का येतो ते सांगतो. हॉलकडे स्वतःच्या लेव्हल्स नाहीत, सामान ठेवायला कोठी नाही, म्हणून प्रत्येक संस्था सगळं घेऊन येते आणि त्याच रात्री घेऊन जाते. नव्या इमारतीत दहा बाय बाराची कोठी काढा, त्यात वीस लेव्हल्स आणि नेपथ्याच्या भिंतींचे चार फ्लॅट्स कायमचे ठेवा. निम्म्याहून जास्त फेऱ्या तिथेच बंद होतील. उरलेलं सामान रस्त्याच्या बाजूच्या दारानं न्यायचं, बोळातून नाही. जुन्या बांधकामात हे शक्य नव्हतं. आता नकाशाच नव्यानं होतोय.

तिसरी_घंटा

हिशोबनीस, तिकिटांचं तुमचं गणित मान्य. पण त्यात फक्त संध्याकाळ आहे. मी गेल्या महिन्याची नोंदवही पाहिली. प्रयोग सातच झाले. बाकीच्या दिवसांत सकाळी ज्येष्ठांचं नाट्यवाचन, दुपारी कथकचा वर्ग, त्यात बोळातल्याच अकरा मुली. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी सुरू झाल्या की रोज कॉलेजची मुलं. १९६३ पासून ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे आणि दरवर्षी मुलं तालमीला जागा शोधत पार्किंगमध्ये, गच्चीवर फिरत असतात. आम्ही तीन तासांचे ५०० घेतो. ते ७०० करावेत, संस्था ओरडणार नाहीत.

माहीमचं तुम्ही सांगितलंत त्यातच माझं उत्तर आहे. 'आविष्कार' टिकली, फार चांगलं झालं. पण दादरच्या त्या गल्लीतून नाटक गेलं ते गेलंच. आपला हॉल गेला तर नाटकवाले कुठेतरी दुसरीकडे जातील. आजी कुठे जाणार? त्यांना रिक्षानं बालगंधर्वला कोण नेणार?

प्रेक्षक बाहेरचे असतात, हेही खरं. पण आपल्या बोळात आता तळमजल्यांवर गोदामं आणि ऑफिसं झाली आहेत. आठला शटर पडतात. साडेनऊला क्लासहून येणारी माझी मुलगी हॉलच्या दिव्याच्या बाजूनं चालते, कारण तिथे माणसं उभी असतात.

शेजारची_खिडकी, तुमच्या वडिलांचं मला माहीत नव्हतं. बारा घरं अलीकडे राहून माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटतंय. विंगेतून यांनी सांगितलेली कोठी आणि रस्त्याकडचं दार मी उपसूचना म्हणून मांडते.

शेजारची_खिडकी

कोठी आणि दार नकाशात काढून आणा, तोंडी नको. रात्री दहानंतर सामान हलणार नाही आणि हलवलं तर त्या संस्थेची अनामत जप्त, हे ठरावात लिहा. एवढं असेल तर मी नाट्यगृहाच्या विरोधात हात वर करणार नाही. बाजूनं करीन की नाही, ते नकाशा पाहून रविवारी सांगतो.