सी भाषा: स्ट्रस्ट्र() (मजकुरात शब्द शोधणारं फंक्शन) ला शब्द कधी सापडतो, कधी नाही, आणि तो किती वेळा आला हे कसं मोजायचं?

प्रश्न
एका ओळीत दिलेला शब्द किती वेळा येतो ते मोजायचंय. ओळ आणि शब्द दोन्ही एफगेट्स() (ओळ वाचणारं फंक्शन) ने वाचतोय. शब्द ओळीच्या मधे असला की स्ट्रस्ट्र() नल (म्हणजे 'सापडला नाही') देतं, अगदी शेवटी असला तर सापडतो. तोच शब्द कोडमध्ये थेट लिहिला तर कुठेही सापडतो. शिवाय पहिलीच जागा मिळते, पुढच्या कशा शोधू?

प्रतिसाद १
शेवटी असला की सापडतो, यातच उत्तर आहे. एफगेट्स() एंटरचं न्यूलाइनही (ओळ संपल्याचं अदृश्य चिन्ह) बफरमध्ये, म्हणजे वाचलेला मजकूर साठवतो त्या ॲरेत, ठेवतं, त्यामुळे तुम्ही 'दार' नाही, 'दार' अधिक न्यूलाइन शोधताय. स्ट्रसीएसपीएन() ने न्यूलाइनची जागा काढा आणि तिथे नल कॅरेक्टर (मजकूर इथे संपला हे सांगणारा शून्य बाइट) ठेवा. स्ट्रलेन() ने मिळालेल्या लांबीतून १ वजा करून शेवटचं अक्षर उडवू नका: बफर भरला किंवा फाइल एंटरविना संपली तर न्यूलाइन नसतंच, आणि चांगलं अक्षर कापलं जातं.

मोजणीसाठी पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) ओळीच्या सुरुवातीला ठेवा. स्ट्रस्ट्र() नल देईपर्यंत लूप: काउंट वाढवा, मिळालेल्या पॉइंटरमध्ये शब्दाची लांबी मिळवा, तिथून पुन्हा शोधा. लांबी लूपच्या बाहेर एकदाच काढा. इंडेक्स हवा असेल तर सापडलेल्या पॉइंटरमधून ओळीचा पॉइंटर वजा करा.

प्रतिसाद २
वरच्या लूपआधी लांबी ० नाही ना ते तपासाच. कुणी नुसतं एंटर दाबलं तर शब्द रिकामा राहतो. रिकाम्या शब्दाला स्ट्रस्ट्र() नल देत नाही, दिलेला पॉइंटरच परत देतं. तो पुढे सरकत नाही आणि लूप कधीच संपत नाही.

'कटकटकट' मध्ये 'कटकट' एकदा धरायचा की दोनदा, हेही आधी ठरवा. दोनदा हवा तर लांबीऐवजी १ ने सरका.

प्रतिसाद ३
'दार' हा 'सरदार' आणि 'दारू' मध्येही मोजला जाईल. पूर्ण शब्दच हवा तर दोन्ही बाजू तपासा. मात्र पॉइंटर ओळीच्या सुरुवातीलाच असेल तर मागचा बाइट वाचू नका, तो ॲरेबाहेरचा असतो. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटचं, मात्राही वेगळी, म्हणून एका बाइटचं अक्षर-अंक तपासणारं इझअल्नम() इथे निरुपयोगी. स्पेस, विरामचिन्हं आणि ओळीची टोकं यांनाच सीमा माना. इंडेक्सही बाइटमध्येच मिळतो, अक्षरांत नाही.

प्रश्नकर्ता
न्यूलाइन काढल्यावर बरोबर चाललं, आभारी आहे. रोमन मजकुरात कॅपिटल-स्मॉल फरक नको असेल तर?

प्रतिसाद १
लिनक्सवर कॅपिटल-स्मॉल न पाहता शोधणारं स्ट्रकेसस्ट्र() आहे, पण ते सी स्टँडर्डमध्ये नाही. पहिल्या इन्क्लूडच्याही (हेडर फाइल जोडणाऱ्या ओळीच्याही) आधी जीएनयू सोर्सचा मॅक्रो (अशी जादा फंक्शन्स खुली करणारं नाव) डिफाइन करा. तो विसरलात तर जुने कंपायलर फक्त वॉर्निंग देतात आणि फंक्शन इंट (पूर्णांक) परत करतं असं धरतात. ६४ बिटांचा पॉइंटर ३२ बिटांत कापला जातो आणि प्रोग्राम पुढच्याच ओळीत कोसळू शकतो.