प्रश्न वर्षांचा नव्हताच

अमेरिकेनं अफगाणिस्तानात अजून पाच वर्षं काढली असती तर काबूल तालिबानच्या हाती पडलं नसतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. डिसेंबर 2009 मध्ये ओबामांनी 30 हजार जादा सैनिक जाहीर केले आणि त्याच भाषणात जुलै 2011 पासून माघार सुरू करू, हेही सांगून टाकलं. तालिबानला नुसता दम धरायचा होता. मूळ चूक तर त्याच्याही आधीची. 2001 ला अफगाणिस्तानचं नवं सरकार ठरवायला जर्मनीतल्या बॉनला बैठक झाली, तिच्यात हरलेल्या तालिबानला जागाच ठेवली नाही. पुढं 2020 ला कतारमधल्या दोह्यात अमेरिकेनं त्यांच्याशीच माघारीचा करार केला, तेव्हा काबूलचं सरकार बाहेर! ज्यांच्या हवाली देश करून निघायचं, त्यांनाच विचारलं नाही.

तेव्हा औरंगाबादला आमच्या शेजारी एक अफगाण विद्यार्थी खोली करून राहायचा. 15 ऑगस्ट 2021 ला सकाळी आमच्याकडं झेंडावंदन झालं अन् दिवस मावळेपर्यंत काबूल गेल्याची बातमी आली. रात्री आईनं त्याला पिठलं-भाकरी नेऊन दिली. ताट तसंच राहिलं. फोन कानाला लावून पोरगं जिन्यात बसलेलं, घरचा नंबर लागत नव्हता. पहाटे लागला.