शिकता शिकता स्वतःचा खर्च भागवायचाय, कोणतं कौशल्य धरू?

कोरी_वही:
दुसऱ्या वर्षाला आहे. फी घरचे भरतात, पण बाकी प्रत्येक गोष्टीसाठी हात पसरणं आता जिवावर येतं. बाबा कधी नाही म्हणत नाहीत, म्हणूनच जास्त लागतं. वेब डेव्हलपमेंट, ग्राफिक डिझाइन, डिजिटल मार्केटिंग असे तीन कोर्स सुरू केले, एकही तिसऱ्या आठवड्यापुढे गेला नाही. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि रोज दीड तास निघतो. काय शिकू?

संथ_लय:
व्हिडिओ एडिटिंगला मागणी आहे, पण चार जीबीवर डाविंची रिझॉल्व्हसारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर धड चालणार नाही. त्यापेक्षा सबटायटल बघ. सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: क्रमांक, सुरुवात-शेवटाची वेळ आणि खाली एक-दोन ओळी. ती बनवायचं एजिसब हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कच्चा मजकूर आता यंत्र काढून देतं, पण विशेषनामं चुकवतं आणि ओळ भलत्याच ठिकाणी तोडतं. ते निस्तरायला कान लागतो आणि भाषा लागते.

अर्धविराम:
कौशल्य आधी आणि गिऱ्हाईक नंतर, हा क्रम मला पटत नाही. आधी कोणाचं तरी नकोसं झालेलं काम शोध.

माझी पहिली कमाई एक्सेलवर झाली. ओळखीच्या एक बाई शिकवण्या घ्यायच्या. कोणाची फी आली, कोणाची राहिली, हे त्या दोन याद्या शेजारी ठेवून बोटाने ताडून बघायच्या. दर महिन्याला दोन-तीन रात्री त्यात जायच्या. मी व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं फंक्शन, लावलं तर निम्मी नावं सापडेचनात. नाव तेच, अक्षरं तीच, तरी उत्तर येईना. दोन दिवस डोकं धरून बसले. शेवटी लेन फंक्शनने अक्षरं मोजली, तर न सापडणाऱ्या प्रत्येक नावात एका यादीत एक अक्षर जास्त. नावाच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा होती! जास्तीच्या जागा काढणाऱ्या ट्रिम फंक्शननेही ती हटेना, कारण संगणकात प्रत्येक अक्षराला एक कोड असतो आणि ट्रिम फक्त साधी जागा काढतं, कोड ३२ ची. वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात बऱ्याचदा कोड १६० ची जागा येते. एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणारं सबस्टिट्यूट वापरून ती काढली आणि यादी जुळली. बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘दर महिन्याला करशील?’ पुढची दोन वर्षं केलं.

फोन नंबरच्या पुढचं शून्य उडतं, दिवस-महिना उलटे होतात, हे तर सगळीकडे चालूच असतं. शास्त्रज्ञांच्या याद्यांतली मार्च१, सेप्ट२ अशी जनुकांची नावंही एक्सेल तारखा समजून बदलायचं. अखेर अशा जनुकांना नवी नावं द्यावी लागली, त्याचे नियम २०२० मध्ये जाहीर झाले. म्हणजे याद्या निस्तरायचं हे काम फक्त छोट्या लोकांचं नाही. आणि चार जीबीवर आरामात होतं.

ओळखीच्या पाच जणांना विचार, ‘दर आठवड्याला कोणत्या कामाचा कंटाळा येतो?’ पहिलं काम लहान घे, पण फुकट करू नकोस. फुकट केलेल्या कामाचे पुढे पैसे मागताना जीभ अडते.

कोरी_वही:
मावशी एका संस्थेच्या सभासदांची यादी सांभाळते. एकच माणूस तीन-तीनदा येतो म्हणून कायम वैतागलेली असते. तिथून सुरू करू? आणि टायपिंगच्या कामासाठी आधी नोंदणीचे पैसे भरा असे मेसेज येतात, ते खरे असतात का?

संथ_लय:
काम देणारा पैसे देतो, मागत नाही. ते मेसेज उडवून टाक.

अर्धविराम:
मावशीकडून नक्की सुरू कर. मूळ फाइलला हात लावू नकोस, प्रत काढून तिच्यावर काम कर. नाव सारखं म्हणून ओळ पुसू नकोस. बाप-लेकाची आद्याक्षरं एकच असू शकतात, तेव्हा फोन नंबर आणि जन्मतारीखही ताडून बघ. शंका आली तर ओळीला रंग दे आणि मावशीला विचार. यादीत लोकांचे नंबर असतील, ती कुठल्याही ऑनलाइन टूलमध्ये चिकटवायची नाही. काम झालं की तुझ्याकडची प्रत काढून टाक आणि तसं मावशीला सांगही.