'बॅकलॉग'ला 'अनुशेष' म्हणावं का?

सुरंगी

मंडळी, एका शब्दापायी गेल्या आठवड्यात माझा अख्खा दिवस गेला, म्हणून विचारते आहे.

आम्ही गोव्यात पर्वरीला सहा-सात जण मिळून पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. दर पंधरवड्याला ग्राहकाला एक पानी अहवाल जातो: काय झालं, काय चालू आहे, पुढे काय घेणार. डिचोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या सचिवांनी तो मराठीत मागितला, आणि ऑफिसात मराठी लिहिणारी मी एकटीच. 'प्रॉडक्ट बॅकलॉग'च्या रकान्यावर मी लिहिलं, 'अनुशेष – ४२'. शब्द वर्तमानपत्रात नेहमी दिसणारा, मला शंकासुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन. "बाय, बेचाळीस कामं तुमच्याकडे तुंबलीत आणि आम्हांला आज कळतंय? सोमवारी संचालक मंडळापुढे मी काय सांगू?" मी म्हटलं, तुंबलेली नाहीत हो, यातली १९ तर तुम्हीच गेल्या महिन्यात सुचवलीत. ठेवीची मुदत संपायच्या आधी ठेवीदाराला एसएमएस जावा, हे तुमचंच. ते करायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही. ते म्हणाले, "मग अनुशेष कशाला लिहिलंत? असे आकडे आमच्याकडे थकीत कर्जाच्या तक्त्यात असतात."

त्यांचं बरोबर होतं. स्क्रम ही आमची टीमनं काम करायची पद्धत; तिच्या मार्गदर्शिकेत प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे उत्पादन सुधारायला जे जे लागेल त्याची क्रमाने लावलेली यादी, आणि ती घडत-बदलत राहते. वरचं काम आधी. खालचं कदाचित कधीच नाही. 'थकबाकी', 'प्रलंबित कामे', 'बाकी' यांतला कुठलाही शब्द घेतला तरी कुणीतरी कुणाचं तरी देणं लागतो. हे 'कदाचित कधीच नाही' मराठीत आणायचं कसं?

जुनी वही

सरकारी अनुवादात माझी २६ वर्षं गेली. माझ्या मते 'कार्यसंचय' घ्या. संचयात कर्ज नाही, दोष नाही. सुरुवातीला कानाला खटकेल, पण 'महापौर' आणि 'दिनांक'ही एके काळी खटकलेच असतील. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही, आणि आपण वापरायचं सोडलं तर दुसरं कोण वापरणार?

वऱ्हाडी पाहुणा

मी मूळचा यवतमाळचा, आठ वर्षं वेर्ण्याला नोकरीत. 'अनुशेष' शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. महाराष्ट्राच्या कुठल्या भागाचा विकास किती मागे राहिला ते पाहायला १९८३ साली वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली, १९८४ मध्ये अहवाल आला, आणि तेव्हापासून सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष ऐकतच आम्ही वाढलो. जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, ते म्हणजे अनुशेष. राखीव जागांच्या भरतीतही तोच अर्थ. या शब्दात माणसांची गाऱ्हाणी साठलेली आहेत. सचिव भडकले यात नवल नाही. सॉफ्टवेअरच्या यादीला हा शब्द लावू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

खाजनकाठ

बॅकलॉगला बॅकलॉगच म्हणा. मी दिवाडीहून रोज फेरीनं पलीकडे येऊन कोड लिहितो, आणि आमच्या टीममध्ये पेडण्याचा पोरगा, काणकोणची मुलगी, सगळे "बॅकलॉगात टाक" असंच म्हणतात. 'कार्यसंचय' म्हटलं तर मला कुणीतरी सांगावं लागेल की तो बॅकलॉग आहे.

जुनी वही

तुमच्या टीमला कळतो. सुरंगीताईंच्या सचिवांना कळेल का? प्रश्न तो आहे. आज 'बॅकलॉग' राहू दे म्हटलं की उद्या 'प्रायॉरिटाइझ कर', परवा 'डिप्लॉय मारला'. क्रियापदं गेली की भाषेचा कणाच गेला.

खाजनकाठ

तारीख, अर्ज, हिशेब, मुदत अरबीतून आले. पगार, चावी, बटाटा पोर्तुगीजांकडून. मराठीचा कणा शाबूत आहे. 'दिनांक' आला म्हणून 'तारीख' कुठे गेली? दोन्ही नांदतात.

घुमट

भांडणाआधी एक गोष्ट सांगू द्या, मला ती फार आवडते. इंग्रजीत बॅकलॉग म्हणजे मुळात शब्दशः मागचा ओंडका. शेकोटीच्या पाठीमागच्या बाजूला ठेवायचं जाड लाकूड. सतराव्या शतकापासूनचा शब्द आहे. 'पुढच्यासाठी राखून ठेवलेलं' हा अर्थ नंतर आला आणि 'तुंबलेल्या मागण्या' त्याच्याही नंतर.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फोंड्याकडच्या आजोळची न्हाणी आली. तांब्याचं भाण, खाली चूल. पुढून आजी नारळाची सोडणं आणि सुक्या झावळ्यांची चुडतं सारायची. ती भरभर पेटायची आणि संपायची. पण मागे, भिंतीला टेकवून, फणसाचा एक जाडजूड ओंडका कायम असायचा. तो कधी पेटलेला दिसला नाही. रात्री राखेखाली धुमसायचा, आणि पहाटे आजी राख बाजूला करून त्याच्याच निखाऱ्यावर चुडत धरायची. काडेपेटी लागत नसे. म्हणजे बॅकलॉग हा मुळात आग विझू न देणारा. थकलेपणाचा त्यात लवलेशही नव्हता.

सुरंगी

घुमट, हे वाचून मला आमच्या घरातलाच शब्द आठवला: पुरुमेंत! पावसाळ्याआधी भरायची बेगमी. मे महिन्यात मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला आई मला घेऊन जायची. मिरच्या, सुकी सुंगटां, चिंच, सोलां, कांद्यांच्या माळा. घरी आल्यावर आई नवं सामान मागे लावायची आणि जुनं पुढे ओढायची, कारण जुनं आधी संपवायचं. कांद्याची माळ चुलीच्या वर टांगलेली, मऊ पडलेला कांदा दिसला की तो आधी काढायचा, मग माळेत तो कुठेही असो. बॅकलॉग नीट ठेवायचा म्हणजे दर आठवड्याला हेच तर करतो आपण. आणि भरलेलं सगळं वापरलंच पाहिजे अशी सक्ती नाही. 'कामांची बेगमी' कसं वाटतं?

जुनी वही

'बेगमी' उत्तम मराठी शब्द आहे, त्याला माझा विरोध नाही. 'पुरुमेंत' मात्र पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतू'वरून आलेला आणि कोंकणीत रुळलेला. मराठी अहवालात तो आणू नये.

खाजनकाठ

का आणू नये? १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीही चालेल असं ठरलं. घरात तर दोन्ही आधीपासून एकाच चुलीवर आहेत. गोव्याच्या मराठीत पुरुमेंत नसेल तर मग ती गोव्याची कसली?

पण 'बेगमी' मलाही पटत नाही, आणि कारण वेगळं आहे. बेगमी म्हणजे जवळ असलेली वस्तू. बॅकलॉगातली वस्तू अजून झालेलीच नसते. सचिवांना वाटेल ४२ सोयी तयार करून कोठारात ठेवल्यात, आता काढून द्या. आधी ओरडले, आता खूश होतील, आणि तेही चुकीच्या कारणानं.

खरा घोळ तर दुसऱ्याच शब्दात आहे. गेल्या वर्षी एका ग्राहकाबरोबरच्या बैठकीत मी म्हटलं, "अंदाजे तीन आठवडे." इतिवृत्तात आलं, "तीन आठवड्यांची मुदत मान्य." पुढचे दोन रविवार मी घरी नव्हतो, धाकटीचा वाढदिवसही चुकला. अंदाज आणि मुदत यांत माणसाचं अख्खं घर मावतं. स्क्रमवाल्यांनासुद्धा हे नडलं असणार, म्हणून २०११ च्या आवृत्तीत त्यांनी 'कमिटमेंट' काढून तिथे 'फोरकास्ट' घातलं. शब्द दिला आणि अंदाज बांधला, इतका फरक. त्यावर चर्चा करू या.

घुमट

अंदाजावर जरूर बोलू, पण मला आधी 'स्टँड-अप', म्हणजे टीमचं रोजचं उभ्यानं होणारं बोलणं, सोडवून द्या. आमच्याकडच्या सूचनाफलकावर कुणीतरी 'उभी बैठक' लिहिलंय. बैठक उभी कशी असेल?

वऱ्हाडी पाहुणा

आम्ही 'सकाळची हजेरी' म्हणतो.

खाजनकाठ

'हजेरी' नको, कृपा करून. हजेरी साहेब घेतो. पंधरा मिनिटांचं ते बोलणं काम करणाऱ्यांनी एकमेकांशी करायचं असतं, आजचं काम ठरवायला. 'काल काय केलं, आज काय, अडलंय काय' हे तीन ठरीव प्रश्न २०२० च्या मार्गदर्शिकेतून काढले, ते उगाच नाही. लोक ते वर बघून म्हणत होते.

सुरंगी

मराठीत आहे की! "उभ्याउभ्या येऊन गेला" म्हणतो आपण. टेकला नाही, चहा घेतला नाही, दोन शब्द बोलला आणि निघाला. 'उभ्याउभ्या' शब्दातच पंधरा मिनिटं आली. "दहाला उभ्याउभ्या बोलू." नाम हवंच असा हट्ट कशाला?

आणि 'ब्लॉकर'ला 'अडथळा' म्हणण्यापेक्षा "माझा खोळंबा झालाय" म्हणा. अडथळा रस्त्यात पडलेला असतो, खोळंबा माणसाचा होतो. खोळंबा म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "कुणापायी?" आणि तेच तर कळायला हवं असतं.

घुमट

खोळंबा घेतला, आजपासून वापरणार. जमण्याच्या जागेला 'मांड' म्हटलं तर? शिगम्यात आमच्या गावी सगळे आधी मांडावर येतात, नमन होतं, मग मेळ घरोघर निघतो. दिवसाची सुरुवात तशीच. शिवाय मांडणे, मांडणी हेही त्याच शब्दाचे गोतावळे.

जुनी वही

मांडावर आपण चपला काढून जातो. त्याचं पावित्र्य अजून जिवंत आहे, ते कामाच्या फळ्याला चिकटवू नये. व्युत्पत्ती जुळते म्हणून शब्द उचलायचा नसतो, तो जिथे राहतो तिथल्या माणसांना विचारायचा असतो. 'अनुशेष'च्या बाबतीत यवतमाळच्या पाहुण्यांनी हेच सांगितलं, आणि तेव्हा मलाही पटलं.

घुमट

हे मान्य. मांड मागे घेतो.

सुरंगी

शुक्रवारी नवा अहवाल जायचाय. 'कार्यसंचय' लिहून बघितलं, 'बेगमी' लिहून बघितलं, दोन्ही खोडलं. सध्या रकान्यावर एवढंच आहे: 'करायचं की नाही, ते तुमच्याबरोबर बसून ठरवायचं – ४२'. रकाना अरुंद, तीन ओळी झाल्या. सचिवांना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, "हां, आता कळलं. त्यातली पाच तर आत्ताच काढून टाका." पण हा शब्द नव्हे, हे वाक्य आहे. मला शब्द हवाय.

वऱ्हाडी पाहुणा

सुचेल. मध्ये एक विचारतो: स्प्रिंटला, म्हणजे ठरलेल्या दिवसांच्या कामाच्या टप्प्याला, तुम्ही 'तो स्प्रिंट' म्हणता की 'ती स्प्रिंट'? आमच्या वेर्ण्याच्या ऑफिसात 'तो' आहे, पुण्याची टीम फोनवर 'ती' म्हणते.

खाजनकाठ

तो. तो शर्यतीतला स्प्रिंट.

जुनी वही

शर्यत स्वतःच स्त्रीलिंगी आहे, धावही. ती स्प्रिंट.