लिहिण्याची खाज आणि चांगलं लिहिणं

लोक म्हणतात की डोक्यात थोडा किडा असल्याशिवाय लिहिणं जमतच नाही. मला अर्धंच पटलं. आमचे काका सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यांना फिट्स यायच्या, आणि लिहायचे तरी किती, जुन्या हिशेबाच्या पट्ट्यांच्या पाठीवर, कॅलेंडरच्या मागं, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला, रात्री काकू वैतागून लाईट बंद करायची तर हे बाहेर कट्ट्यावर रस्त्याच्या दिव्याखाली जाऊन बसायचे. आम्हाला वाटायचं घरात साहित्यिक जन्मलाय! नंतर वाचलं तर काय, कृष्णेचं पाणी किती चढलं, हळदीचा भाव, दारावरनं कोण कधी गेलं, परत तेच.

ह्या न आवरणाऱ्या लिहिण्याला हायपरग्राफिया म्हणतात. वॅक्समन आणि गेश्विंड ह्या डॉक्टरांनी १९७४ मधे टेम्पोरल लोबच्या (मेंदूचा कानाजवळचा भाग) फिट्स असणाऱ्यांत हे नोंदवलं. म्हणजे खाज वेगळी, प्रतिभा वेगळी, दोन्ही एकाच डोक्यात आल्या तर नशीब (काकांचं नव्हतं).

मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी फिट्स थांबल्या, वह्या नाही थांबल्या. २००५ च्या पुरात खालचं अख्खं कपाट गेलं. काका दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, येताना एक दोनशे पानी आण रे.