हातपंप नेमका कुठे लावावा

ओढ्यात रत्नांचे खडे शोधताना मधोमध साचलेली सुटी वाळू हातपंपाने (दांडा ओढून नळीत गाळ खेचणाऱ्या साध्या पंपाने) उपसावी, असे काही जण सुचवतात. मला मात्र ती मेहनत वाया जाईल असे वाटते. नीलमणी पाण्याच्या सुमारे ४ पट जड, झिरकॉन हे रत्न त्याहूनही जड, तर वाळूतली साधी गार (क्वार्ट्झ) २.६५ पट, त्यामुळे पुराच्या पाण्यात हे जड खडे खाली उतरत जातात आणि तळच्या खडकाच्या भेगांत किंवा मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला घट्ट बसतात. फावडे तिथे शिरत नाही, म्हणून पंपाचे खरे काम तिथेच आहे. आधी भेगेतला चिकट गाळ सळईने मोकळा करावा, नळीचे तोंड खडकाला अगदी भिडवावे आणि मगच दांडा जोरात ओढावा, नाहीतर नळीत नुसते पाणी भरते. उपसलेला माल लगेच चाळणीवर घ्यावा.

आपल्या वडोदऱ्याच्या मंडळींनी एक ध्यानात घ्यावे: राजपीपळ्याजवळच्या रतनपूरच्या अकिकाला हा उपाय लागू पडत नाही. अकीक गारेच्याच जातीचा आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा, तेव्हा तो वाळूतून वेगळा होऊन भेगेत साठणार कसा? तो नजरेनेच वेचावा लागतो. आणि कुठेही गेलात तरी ओढ्याचा काठ पोखरू नका, ही कळकळीची विनंती.