मदत हवी आहे: मुलगा सुधारतोय, आता माझंच बिनसलंय (नाशिक)

नमस्कार. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मुलगा सहा वर्षांचा. दीड वर्षापूर्वी एएलएल निघाला, रक्ताचा कॅन्सर. पहिले काही महिने मुंबईत काढले, आता इथेच. मेंटेनन्स (आजार उलटू नये म्हणून बराच काळ चालणारी केमो) चालू आहे: रोज रात्री सिक्स-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. रक्ताचे काउंट नीट आहेत, जूनपासून शाळेतही जातोय. आणि मला झोप येत नाही.

स्टेरॉइडच्या दिवसांत तो रात्री तीनला उठून वरणभात मागायचा. मी गाणी गुणगुणत कुकर लावायचे, खरंच. तेव्हा रडले नाही. आता एकला, तीनला, पाचला उठून त्याच्या काखेत थर्मामीटर लावते. 100.4 च्या वर गेला की थेट हॉस्पिटल, हे डोक्यात पक्कं बसलंय. 97.8 दिसतं. वहीत लिहिते. मग वाटतं नीट लागला नसेल, पुन्हा लावते. परवा लक्षात आलं, मी जवळ गेले की तो झोपेतच हात वर करतो. बाथरूममध्ये नळ सोडून बसले बराच वेळ.

द्राक्षांच्या गावात राहून गेल्या सीझनला त्याला द्राक्षं बंद होती. यंदा डॉक्टर हो म्हणाले, तर मी एकेक मणी धुऊन पुसत बसते. तोवर त्याची इच्छाच जाते.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, रिपोर्ट चांगलेत ना? (स्वतः चेकअपच्या दिवशी घास गिळत नाहीत, ते वेगळंच.) जाऊबाई म्हणतात, तू एवढी खंबीर आणि आता काय हे.

जवळच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय. घेतली नाही. घेतली आणि नेमका त्या रात्री ताप आला तर? कुणी आईवडिलांनी अशी गोळी घेतली आहे का? नाशिकमध्ये आधी नीट ऐकून घेणारं कुणी आहे का?

सातपूरकर: ताई, मुलीची ट्रीटमेंट संपून चार वर्षं झाली. आमच्याकडेही धावपळ होती तोवर सगळे ताठ होतो, ती ओसरल्यावर मी कोसळलो. गोळीचा प्रश्न आम्ही पाळ्या लावून सोडवला. ज्या रात्री मी गोळी घेणार, त्या रात्री ताप बायकोच्या जिम्मे. मनोविकारतज्ज्ञांना भेटाल तेव्हा ही भीती याच शब्दांत सांगा. सगळ्याच गोळ्या गुंगीच्या नसतात. काहींचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात, लोक त्याआधीच सोडून देतात. तोवर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि झोपलेल्या मुलाला रात्री तपासायचं का, हे त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा. आम्हाला सांगितलं होतं, अंग गरम लागलं किंवा मूल मलूल दिसलं तर लावा.

धागाकर्ती: दादा, धन्यवाद. हा प्रश्न त्यांना विचारायचा असतो, हेच सुचलं नव्हतं. ह्यांना धागा वाचायला दिला. काही बोलले नाहीत, पण थर्मामीटर उचलून स्वतःच्या उशाशी ठेवला. बीप झाला की मला जाग येतेच. गोळी अजून डब्यातच आहे. आज 14416 लावते.